डबा शोधायला निघण्याआधी: जिओकॅशेचे प्रकार कसे ओळखायचे

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, म्हणजेच कॅशे, ॲपमधल्या तिच्या पानावर दिलेल्या को-ऑर्डिनेट्सवरून (अक्षांश-रेखांशावरून) जीपीएसने शोधण्याचा खेळ. नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं. फोनमधला बाण दाखवेल तिकडे माणूस चालत जातो आणि बाकाखाली, कठड्यामागे, झाडाच्या ढोलीत तासभर शोधून घामाघूम होतो. डबा काही मिळत नाही. मिळणारच नसतो, कारण त्या जागी तो कधी ठेवलेलाच नव्हता. जिओकॅशिंगला नव्याने लागलेल्यांची पहिली निराशा बहुतेक वेळा अशीच असते. नजर कमी पडली किंवा जीपीएस चुकलं असं त्यांना वाटतं. खरं तर कॅशेचा प्रकार बघायचा राहिलेला असतो.

प्रकारांची यादी मोठी आहे आणि ती पाठ करायची गरज नाही. कुठलीही कॅशे उघडली की स्वतःला दोनच गोष्टी विचारायच्या. पानावर दिलेले को-ऑर्डिनेट्स मला नेमके कुठे नेणार आहेत? आणि तिथे पोहोचल्यावर 'सापडली' असं म्हणायला काय करावं लागेल? या दोन उत्तरांवरून सगळे प्रकार वेगळे पडतात. खाली त्याच क्रमाने जाऊ: आधी डबा असलेले, मग डबा नसलेले, मग माणसं भेटतात ते.

पहिली पायरी: पान पूर्ण वाचा

कॅशेच्या पानावर प्रकाराच्या चिन्हाशेजारी आणखी तीन गोष्टी असतात: काठिण्य, भूभाग आणि आकार. काठिण्य आणि भूभाग या दोन्हींना १ ते ५ असे, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने गुण दिलेले असतात. काठिण्य म्हणजे शोधायला किंवा कोडं सोडवायला किती डोकं लागेल. भूभाग म्हणजे तिथवर पोहोचायला किती कष्ट पडतील. भूभाग १ असेल तर व्हीलचेअरवरूनही जाता यायला हवं. ५ असेल तर बहुधा होडी, दोर किंवा पाण्याखालचं साहित्य लागतं. नवख्याने दोन्ही आकडे २ च्या आत ठेवावेत.

आकारही तितकाच महत्त्वाचा. १०० मिलिलिटरपेक्षा लहान ती मायक्रो, तिथून एक लिटरपर्यंत स्मॉल, एक ते वीस लिटर रेग्युलर आणि त्यापुढे लार्ज. जेवणाचा डबा शोधायचा की बोटाच्या पेराएवढी नळी, हे माहीत नसेल तर शोध सुरूच कुठून करणार? 'अदर' असं लिहिलं असेल तर मालकाने, म्हणजे कॅशे लपवणाऱ्याने, काहीतरी गंमत केली आहे असं समजा: पोकळ स्क्रू, खोटा दगड, खोटा नळ.

शेवटी आधीच्या लोकांचे लॉग, म्हणजे त्यांच्या नोंदी, बघा. लागोपाठ तीन-चार जणांनी 'सापडली नाही', म्हणजे डीएनएफ, असं नोंदवलं असेल तर डबा बहुधा गेलेला आहे. पहिल्या दिवशी असल्या कॅशेच्या वाटेला जाऊ नका. सूचनेची ओळ बऱ्याचदा उलटसुलट अक्षरांत दिसते. प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी तेरा घरं पुढचं अक्षर घालून ती झाकलेली असते. ॲपमध्ये एका टिचकीत ती उघडते, आणि उघडण्यात कसलाही कमीपणा नाही.

ट्रॅडिशनल: जिथला पत्ता तिथेच डबा

हिरवं चिन्ह. दिलेले को-ऑर्डिनेट्स म्हणजेच डब्याची जागा. तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन लॉग करायचा.

या खेळाची सुरुवातच या प्रकाराने झाली. १ मे २००० च्या रात्री अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली त्रुटी बंद केली. त्याआधी साधा जीपीएस शंभर मीटरपर्यंत सहज भरकटायचा; आता तो एकदम काही मीटरवर आला. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे को-ऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी आणि डबाबंद घेवडा असं सामान होतं. खाण्याचं काही डब्यात ठेवू नये हा नियम नंतर आला आणि ते बरंच झालं, कारण प्राणी असे डबे उचकटतात. जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरून ठेवायचीही आता मनाई आहे. तेव्हा कुठे माती उकरलेली दिसली तरी तुम्ही फावडं हाती घेऊ नका.

प्रत्यक्ष शोधताना एक लक्षात ठेवा. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटर इकडे-तिकडे असतो. डबा लपवणाऱ्याचाही तेवढाच चुकलेला असू शकतो. त्यामुळे बाणाने 'शून्य मीटर' म्हटलं की नेमकी जागा आली असं समजू नका. पंधरा-वीस मीटर उरले की फोन खिशात घाला आणि डोळे वापरा. इथे मला डबा लपवायचा असता तर मी कुठे ठेवला असता? जरा जास्तच नीट रचलेला दगडांचा ढीग, खोडाला टेकवून ठेवलेल्या सारख्या लांबीच्या काटक्या, खांबाच्या तळाशी हलणारी झाकणपट्टी अशा खुणा दिसू लागतात. पोकळीत हात घालण्याआधी काठी किंवा टॉर्च आधी जाऊ द्या.

शहरी ट्रॅडिशनलमध्ये तुमची गाठ नॅनोशी पडेलच. कोटाच्या बटणाएवढी, चुंबक लावलेली धातूची डबी. ती रेलिंगच्या खालच्या बाजूला किंवा पाटीच्या मागे चिकटवलेली असते आणि डोळ्यांआधी बोटांना सापडते. आत बोटाच्या नखापेक्षाही अरुंद कागदाची पट्टी गुंडाळलेली असते. काढताना ती सहज निघते, खरी परीक्षा परत घालताना. सही केल्यावर पट्टीचं एक टोक चिमट्याच्या दोन पात्यांत पकडा, चिमटा गोल फिरवत पट्टी घट्ट गुंडाळा, गुंडाळी झाकणात सरकवा आणि मगच चिमटा ओढून काढा. नुसत्या बोटांनी गुंडाळायला गेलात तर ती दर वेळी सैल होऊन डबीच्या बाहेर येते. चिमटा आणि पेन या दोनच वस्तू घरून न्यायच्या. मायक्रो आणि नॅनोमध्ये पेन मावत नाही.

आणि 'मगल'. खेळ माहीत नसलेल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॅशर मंडळी हेच म्हणतात. ते बघत असताना डबा काढला तर पुढच्या माणसाला तो मिळेलच याची खात्री नाही. तोवर फोनवर बोलत असल्याचं नाटक करायचं. ते सगळ्यांनाच जमतं.

मल्टी: एकातून दुसरी

मल्टी-कॅशेत पानावरचे को-ऑर्डिनेट्स पहिल्या थांब्याचे असतात. शेवटचा डबा आणखी कुठेतरी असतो. मधले थांबे दोन तऱ्हांचे. काही ठिकाणी प्रत्यक्ष छोटी डबी असते आणि तिच्यात पुढचे को-ऑर्डिनेट्स लिहिलेले असतात. काही ठिकाणी ठेवलेलं काहीच नसतं. तिथल्या पाटीवरून, पुतळ्यावरून, पुलावरून आकडे गोळा करून हिशेब करायचा असतो.

समजा पानावर असं आहे: जुन्या पुलाच्या बांधकाम सालाचा शेवटचा अंक म्हणजे ए. पुलाच्या कमानी म्हणजे बी. काठावर उतरणाऱ्या पायऱ्यांच्या संख्येतून ७ वजा केले की सी. शेवटच्या डब्याच्या अक्षांशाची मिनिटं ३२.एबीसी. साल १८८७, कमानी तीन, पायऱ्या बारा. म्हणजे ३२.७३५. इथे एबीसी शेजारीशेजारी लिहिलं आहे म्हणून गुणाकार करायचा नाही, अंक नुसते ओळीने मांडायचे. गुणाकार किंवा बेरीज हवी असेल तर मालक तसं चिन्ह घालतो.

दुसरी मेख को-ऑर्डिनेट्स लिहिण्याच्या पद्धतीत आहे. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. ३२.७३५ मिनिटं म्हणजे ३२ मिनिटं आणि ४४.१ सेकंद. फोनमधलं साधं नकाशाचं ॲप सेकंदांच्या पद्धतीवर असेल आणि तुम्ही हेच आकडे तिथे तसेच टाकलेत, तर भलतीकडेच पोहोचाल. ॲपमध्ये पद्धत एकदाच बदलून ठेवा.

मोजताना घोटाळे होतातच. सर्वात खालचा धोंडा पायरीत धरायचा की नाही? अशा वेळी चुकीचा अंक कितीला पडेल ते बघा. अक्षांशाच्या मिनिटातला शेवटचा दशांश अंक एकाने चुकला तर फरक जेमतेम १.८५ मीटरचा पडतो. मधला चुकला तर साडेअठरा मीटर. पहिला चुकला तर १८५ मीटर. (रेखांशात हेच अंतर विषुववृत्तापासून दूर जाऊ तसं कमी होत जातं.) म्हणजे वरच्या उदाहरणात पायऱ्या बारा की तेरा यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण साल मात्र नीट वाचा. आणि प्रत्येक थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर हिशेब चुकल्याचं लक्षात आलं तर पुन्हा सगळी फेरी मारावी लागत नाही.

मल्टीला किती वेळ लागेल हे पानावर बहुधा लिहिलेलं असतं. नसेल तर लॉगमध्ये कुणीतरी नक्की कुरकुरलेलं असतं, तिथून कळतं. काही मल्टी फक्त रात्री करायच्या असतात. झाडांना छोट्या चमकणाऱ्या टाचण्या टोचलेल्या असतात आणि टॉर्चच्या उजेडात त्यांची रांग वाट दाखवते. 'नाइट कॅशे' असा वेगळा अधिकृत प्रकार नाही, पण पानावर तशी खूण असते. दिवसा गेलात तर काहीही दिसणार नाही.

मिस्ट्री: निळं प्रश्नचिन्ह

इथे पानावरचे को-ऑर्डिनेट्स बहुधा निव्वळ नावापुरते असतात. डबा तिथे नाही. तो साधारणपणे त्या बिंदूपासून तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी असतो आणि खरा पत्ता कोडं सोडवूनच मिळतो. कोडं घरी बसून सोडवायचं आणि मग निघायचं. नकाशावरचं प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे या' असं निमंत्रण अजिबात नव्हे.

कोडी काय वाट्टेल ती असतात. गुप्तलिपी, सुडोकू, शब्दकोडं, गाण्याचे सूर, रंगांचे क्रमांक, इतिहासातले सनावळ्यांचे खेळ. कधी पानावरच्या चित्राच्या फाइलीत माहिती दडलेली असते, कधी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर असतो आणि सगळं पान निवडलं की तो उमटतो. सुरुवात करताना माझी पद्धत सांगतो. आधी कॅशेचं नाव वाचा, कारण मालकाने अर्धी किल्ली बहुतेक तिथेच ठेवलेली असते. मग कोड्यातून किती अंक निघायला हवेत ते मोजा. पूर्ण को-ऑर्डिनेट्सना साधारण पंधरा अंक लागतात, आणि अंश तर आसपासच्या सगळ्याच कॅशेंचे तेच असतात. म्हणजे उत्तराचा पहिला भाग तुम्हाला आधीच माहीत आहे! त्या ठिकाणी कोणतं चिन्ह कोणत्या अंकाऐवजी आलं आहे हे ताडून बघितलं की पुष्कळ लिप्या आपोआप उलगडतात. गुप्तलिपी फोडणारे लोक फार पूर्वीपासून असंच करत आले आहेत.

उत्तर निघालं की ते तपासून घ्या. बहुतेक मालक पानावर उत्तर तपासण्याची सोय ठेवतात. आकडे टाकले की बरोबर की चूक ते कळतं. बरोबर आलं तर ॲपमध्ये 'सुधारित को-ऑर्डिनेट्स' म्हणून ते साठवा, म्हणजे चिन्ह नकाशावर खऱ्या जागी सरकतं. सोय नसेल तर उत्तराचा बिंदू नकाशावर टाकून बघा. तो तळ्याच्या मध्यावर किंवा कुणाच्या घराच्या छपरावर पडत असेल तर कोडं अजून सुटलेलं नाही.

प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे कोडंच असेल असंही नाही. इतर कुठल्याच खान्यात बसत नाही ते सगळं इथे येतं. जवळच्या मालिकेतल्या कॅशे शोधून त्यांतून आकडे गोळा केल्यावर मिळणारी बोनस कॅशे, किंवा दिलेल्या जागीच असलेली पण कुलूप उघडण्यासाठी डोकं लावायला लावणारी पेटी, या दोन्ही मिस्ट्रीच. शिवाय 'चॅलेंज' कॅशे. हिच्या नावातच चॅलेंज हा शब्द असतो, आणि डबा सापडला तरी पानावरची अट पुरी केल्याशिवाय ती तुमच्या खात्यात धरली जात नाही. अट म्हणजे अमुक इतक्या प्रकारांच्या कॅशे शोधलेल्या असाव्यात, असं काहीतरी. अट पुरी नसताना वाटेत डबा लागला तर सही करून ठेवा, ऑनलाइन 'नोंद' टाका आणि अट पुरी झाल्यावर लॉग बदला. सही वाया जात नाही.

माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे मिस्ट्रीला हात लावू नका. डबे कसे लपवतात याचा हात आणि नजर बसण्याआधी कोडी सोडवत बसलं की दोन्हीकडे अडकायला होतं. कोडं चुकलं आहे की डबाच नजरेला पडत नाहीये, हेच कळत नाही.

लेटरबॉक्स आणि व्हेरिगो

लेटरबॉक्स हायब्रिड हे जुन्या छंदाचं नव्या छंदाशी लागलेलं लग्न. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या अवघड जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोहोचणारे त्यात आपलं कार्ड टाकू लागले आणि त्यातून लेटरबॉक्सिंग सुरू झालं. आजच्या लेटरबॉक्स हायब्रिडमध्ये डबा आणि लॉग (सहीचा कागद) असतोच, शिवाय एक रबरी शिक्का असतो. तो आपल्या वहीत उमटवून घ्यायचा, आपला शिक्का असेल तर तो लॉगमध्ये उमटवायचा. डब्यातला शिक्का डब्यातच राहतो. डब्यात देवाणघेवाणीसाठी ठेवलेल्या खेळण्यांत तो मोडत नाही, आणि नवखे लोक नेमका तोच उचलून नेतात. को-ऑर्डिनेट्स कधी थेट डब्याचे असतात, कधी तिथून पुढे 'मोठ्या दगडापासून डावीकडे' अशा खुणांवरून जायचं असतं. तेव्हा वर्णन वाचल्याशिवाय निघू नका.

व्हेरिगोसाठी वेगळं ॲप लागतं. पानावरून 'कार्ट्रिज' नावाची फाइल उतरवायची आणि मैदानात जाऊन ती चालवायची. ठरलेल्या क्षेत्रात पाऊल टाकलं की फोनवर पुढचा प्रसंग उघडतो: पात्रं बोलतात, वस्तू मिळतात, प्रश्न येतात, आणि शेवटी डब्याचा पत्ता. २००८ मध्ये हे सुरू झालं. फाइल घरीच, चांगल्या नेटवर उतरवून ठेवा आणि बॅटरी भरून न्या. नवख्यांना झेपणारा एक उपप्रकार म्हणजे 'रिव्हर्स व्हेरिगो'. पानावर सहा-सहा अंकी तीन संख्या दिलेल्या असतात. त्या टाकल्या की ॲप फक्त डबा किती दूर आहे तेवढं सांगतं, दिशा सांगत नाही. थोडं चाला, अंतर कमी झालं की वाढलं बघा, वळा, पुन्हा चाला. तीन वेगवेगळ्या जागांवरून अंतर बघून नकाशावर कंपासने तीन वर्तुळं काढणारे मात्र फारसं न भटकता छेदबिंदू गाठतात.

डबा नसलेल्या कॅशे

आता दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो: डबाच नाही, मग 'सापडली' कशावरून?

अर्थकॅशे हा माझा आवडता प्रकार, म्हणून थोडं सविस्तर. जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि पहिली अर्थकॅशे जानेवारी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर आली. को-ऑर्डिनेट्स तुम्हाला एखाद्या भूवैज्ञानिक जागेशी नेतात: खडकाचा कापलेला थर, झरा, हिमनदीने घासलेला कातळ, जीवाश्म दिसणारी फरशी. पानावर त्यामागची प्रक्रिया समजावलेली असते आणि त्यावर प्रश्न असतात. त्यांची उत्तरं जागेवर जाऊन, बघून, मोजूनच देता येतात.

समजा वाळूच्या खडकाचा उभा कडा आहे. प्रश्न असेल: तिसऱ्या थरातले कण वरच्या थरातल्या कणांपेक्षा जाड आहेत की बारीक, आणि त्यावरून प्रवाहाचा वेग कसा बदलला असेल? जवळ जा, खडकावरून बोट फिरवा. एक थर सॅंडपेपरसारखा खरखरीत लागतो, दुसरा जवळपास गुळगुळीत. पाण्याचा वेग जास्त असेल तेव्हा ते जाड कण वाहून आणू शकतं. वेग मंदावला की बारीक कण खाली बसतात. म्हणजे खरखरीत थर जोराच्या प्रवाहाचा, गुळगुळीत थर संथ पाण्याचा. एवढं तुमच्या शब्दांत लिहून मालकाला संदेशातून पाठवायचं. दोन ओळी पुरतात, प्रबंध नको. उत्तरं पाठवली की लगेच लॉग करता येतं, मालकाच्या होकारासाठी थांबायचं नसतं. उत्तरं लॉगमध्ये उघडी लिहायची नाहीत. आणि खडकाचा तुकडाही घरी न्यायचा नाही. फोटो मागितला असेल तर तो लॉगला जोडा.

व्हर्च्युअल कॅशेचं गणित साधारण तसंच, फक्त विषयाला बंधन नाही. स्मारक, भित्तिचित्र, एखादा चमत्कारिक कोपरा. तिथला प्रश्न सोडवायचा किंवा सांगितलेला फोटो काढायचा. नव्या व्हर्च्युअल नोंदवणं २००५ मध्ये बंद झालं; २०१७ पासून मोजक्या निवडक सदस्यांना अधूनमधून एकेक बनवायची संधी मिळत आली आहे. त्यामुळे वाटेत व्हर्च्युअल लागली तर थोडी वाट वाकडी करायला हरकत नाही.

वेबकॅम कॅशे तर नव्या होतच नाहीत, जुन्या आहेत तेवढ्याच. सार्वजनिक वेबकॅमसमोर उभं राहायचं आणि त्या कॅमेऱ्यातलं चित्र साठवायचं. घरी बसलेल्या मित्राला फोन करून 'आता घे' म्हणून ओरडण्यात यातली अर्धी मजा आहे. स्वतःच्या फोनने काढलेली सेल्फी इथे चालत नाही.

या तिन्हींमध्ये एक मोह टाळा: घरबसल्या इंटरनेटवर उत्तर शोधून लॉग ठोकण्याचा. मालकांना तो सहज ओळखू येतो आणि लॉग पुसला जातो.

ॲडव्हेंचर लॅब ही यांची धाकटी बहीण. वेगळं ॲप, बहुधा पाच थांबे. थांब्याच्या परिसरात पोहोचलात की प्रश्न उघडतो, उत्तर टाकलं की झालं. कागद नाही, सही नाही, मालकाला लिहायचं नाही. प्रत्येक थांबा एकूण संख्येत एक म्हणून धरला जातो, म्हणून आकडे वाढवणाऱ्यांची इथे झुंबड असते. नवं शहर पायी बघायला मात्र ही खरंच छान सोय आहे. शेवटी एखादी बोनस कॅशे असेल तर तिचे अंक प्रत्येक थांब्यावर दिलेले असतात, ते टिपून ठेवा. ती बोनस खरी, डब्याची असते आणि मुख्य नकाशावर मिस्ट्री म्हणून दिसते.

जिथे माणसंच भेटतात

इव्हेंट हीसुद्धा कॅशेच धरली जाते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दिलेल्या जागी कॅशर जमतात. किमान अर्धा तास तरी इव्हेंट चालला पाहिजे. 'येणार आहे' असा लॉग आधी टाकायचा म्हणजे यजमानाला अंदाज येतो, आणि जाऊन आल्यावर 'हजर होतो' असा टाकायचा. मोजणीत फक्त दुसरा धरतात. पाचशेच्या वर माणसं आली की तो मेगा-इव्हेंट, पाच हजारांच्या वर गिगा. सीटो हा वेगळा इव्हेंट: सगळे मिळून एखादी जागा साफ करतात, कचरा उचलतात, कधी झाडं लावतात. हातमोजे घेऊन जा.

नवख्याने लवकरात लवकर एखाद्या छोट्या इव्हेंटला जावं असा माझा आग्रह आहे. वर लिहिलेलं अर्धंअधिक तिथे दहा मिनिटांत हातात धरून बघायला मिळतं. कुणीतरी खिशातून नॅनो काढून दाखवतो, कुणी ट्रॅकेबल टेबलावर मांडतो. (ट्रॅकेबल म्हणजे क्रमांक कोरलेलं नाणं किंवा पट्टी, जी एका डब्यातून दुसऱ्यात प्रवास करते. ती उचललीत तर पुढच्या डब्यात सोडा, कपाटात ठेवू नका.)

याखेरीज काही दुर्मिळ चिन्हं नकाशावर दिसतात. २००१ मध्ये एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी ठेवलेल्या प्रोजेक्ट एप कॅशेंपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत, त्यातली एक ब्राझीलमध्ये. सिएटलमधल्या जिओकॅशिंगच्या मुख्यालयाची स्वतःची एक कॅशे आहे. लोकेशनलेस कॅशेत उलटा खेळ असतो: वस्तू सांगितलेली असते आणि जागा तुम्ही शोधायची. यांतलं काही समोर आलंच तर पान वाचा आणि आपले दोन प्रश्न विचारा. उत्तर पानावरच असतं.

कोणत्या क्रमाने सुरुवात करावी

आधी ट्रॅडिशनल, आकार स्मॉल किंवा रेग्युलर, आणि शेवटचा लॉग 'सापडली' असा असलेली. अशा काही झाल्या की एखादी मायक्रो. मग दोन-तीन थांब्यांची मल्टी. त्याच दरम्यान जवळपास अर्थकॅशे असेल तर ती कधीही करा, तिला लपवाछपवीचा सराव लागत नाही. मिस्ट्री आणि व्हेरिगो त्यानंतर. मोफत खात्यावर काही कॅशे उघडत नाहीत, पण सुरुवातीला पुरतील इतक्या बहुतेक ठिकाणी असतात. पैसे भरायची घाई नको.

सापडली नाही तर डीएनएफ टाकायला लाजू नका. मालकाला डबा तपासायला जावं की नाही हे त्यावरूनच कळतं. वीस मिनिटं शोधून मिळाली नाही, कुठे-कुठे पाहिलं, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. मात्र कुठे लपवली आहे ते लॉगमध्ये फोडू नका, फोटोतही नाही.

स्वतःची कॅशे लपवायची हुक्की फार लवकर येते. जरा थांबा, निरनिराळ्या प्रकारांच्या बऱ्याच शोधून झाल्यावर लपवा. जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि दुसऱ्या कुठल्याही प्रत्यक्ष डब्यापासून किंवा मल्टीच्या डबी ठेवलेल्या थांब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं. मिस्ट्रींचे खरे डबे नकाशावर दिसत नसल्यामुळे जागा मोकळी वाटली तरी ती अडलेली असू शकते. त्यामुळे आधी पान तयार करून को-ऑर्डिनेट्स तपासून घ्या, डबा नंतर विकत आणा. प्रकार निवडताना शांतपणे विचार करा, कारण पान प्रसिद्ध झाल्यावर प्रकार बदलून मिळत नाही. पहिली कॅशे ट्रॅडिशनलच ठेवा, रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. पहिला मोठा पाऊस झाला की आतला कागद कोरडा आहे का ते जाऊन बघा.